साठीला दिलेला शब्द

1 एप्रिल 1950 ला जन्मलेल्या ब्रिटिश बाईला साठावं वर्ष पुरं झालं त्याच दिवशी, 1 एप्रिल 2010 ला, स्टेट पेन्शन लागू झाली. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी, 1 एप्रिल 1953 ची बाई, 6 मार्च 2016 पर्यंत थांबली. त्रेसष्ट पुरी व्हायला तिला महिनाही उरला नव्हता. आणि 1 एप्रिल 1954 ची? तिला 6 सप्टेंबर 2019 ची वाट पाहावी लागली. तोवर तिचं वय पासष्ट वर्षं पाच महिने झालं होतं. या शेवटच्या दोघींच्या जन्मात एका वर्षाचं अंतर आहे, पेन्शनमध्ये साडेतीन वर्षांचं. दोघी एका शाळेत मागच्या-पुढच्या वर्गात शिकलेल्या असू शकतात, एकाच कापडगिरणीत शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या असू शकतात, एकाच महिन्यात लग्न होऊन एकाच गल्लीत नांदलेल्या असू शकतात. एकीने सुटकेचा श्वास टाकला तेव्हा दुसरीपुढे आणखी साडेतीन वर्षांची पहाटेची पाळी होती.

या तारखा ब्रिटिश पेन्शन कायद्याच्या तक्त्यातल्या आहेत. डावीकडे जन्मतारीख, उजवीकडे पेन्शनची तारीख, असा हा साधा तक्ता. वाचकाने या पुस्तकाच्या पुढच्या पानांकडे वळण्याआधी तो एकदा सावकाश, बोट ठेवून वाचावा असा माझा आग्रह आहे. ‘स्त्री-पुरुषांना पेन्शनचं वय सारखंच हवं’ या वाक्याला नाही म्हणणारा माणूस आज विरळा. तरी त्या वाक्याची अंमलबजावणी झाल्यावर ब्रिटनमधल्या पस्तीस लाखांहून जास्त बायकांना आपण फसवले गेलो असं का वाटलं, याचं निम्मं उत्तर या तक्त्यात आहे. उरलेलं निम्मं त्यांच्या आयुष्यात आहे.

आपल्याकडे पेन्शन म्हटलं की सरकारी नोकर डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनची स्टेट पेन्शन वेगळी. पगारातून दर आठवड्याला नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी कापून घेतली जाते; शिक्षिका असो, शिवणकाम करणारी असो की इस्पितळात फरशी पुसणारी, ठरावीक वर्षं वर्गणी भरली की ठरावीक वयाला ठरावीक रक्कम मिळते. 2024-25 मध्ये नव्या पद्धतीची पूर्ण पेन्शन आठवड्याला 221 पौंड 20 पेन्स होती. ज्यांना दुसरी मिळकत आहे त्यांना ती जोडउत्पन्न वाटेल. ज्यांना नाही, त्यांचं घरभाडं, वीज, किराणा, सगळं त्यातच. तिला दान किंवा अनुदान म्हणून चालणार नाही. आयुष्यभर वर्गणी घेऊन सरकारने दिलेला तो शब्द आहे, आणि बायकांना तो साठीचा दिला होता.

साठीचा का, याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा नाही. 1908 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये म्हातारपणची पेन्शन आली तेव्हा ती सत्तरीला होती आणि बाई-पुरुष दोघांना सारखी: गरिबी सिद्ध करावी लागे आणि हाती पडत आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. 1925 च्या कायद्याने वर्गणीवर आधारलेली पेन्शन आणली. तीही पासष्टीला, तीही दोघांना सारखी. म्हणजे वेगळं वय ही काही अनादि परंपरा नाही. ते 1940 साली आलं, ऐन महायुद्धात. त्यामागे दोन रेटे होते. पहिला हिशेबाचा: बायको बहुधा नवऱ्यापेक्षा काही वर्षांनी लहान असते, म्हणून नवरा पासष्टीला निवृत्त झाला तरी जोडप्याला दोघांची पेन्शन मिळायला आणखी काही वर्षं जात. दुसरा रेटा मात्र बायकांनीच लावला. ब्रॅडफर्डच्या फ्लॉरेन्स व्हाइट या बाईंचा होणारा नवरा पहिल्या महायुद्धाच्या काळात गेला. त्यांनी 1935 मध्ये अविवाहित बायकांची संघटना उभी केली आणि पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मागितली. त्या पिढीत लग्न न झालेल्या, आईबापांचं करत राहिलेल्या, गिरण्यांत राबलेल्या बायका अमाप होत्या. पन्नाशीनंतर त्यांना कामावर ठेवायला कोणी तयार नसे, पेन्शन मात्र पासष्टीला. व्हाइटबाईंच्या संघटनेने लाखो सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला. पंचावन्न मिळालं नाही, साठ मिळालं. बायकांचं साठ वर्षांचं वय म्हणजे पुरुषी दाक्षिण्याचा उरलेला तुकडा, असं पुढे अनेकांनी म्हटलं. या बायकांची चळवळ आठवली की तो आरोप मला पटत नाही.

तरीही वेगळं वय अन्यायाचं होतं, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. 1985 साली ईस्टली गावच्या पोहण्याच्या तलावावर जेम्स नावाचं जोडपं गेलं. दोघंही एकसष्ट वर्षांची. पेन्शनच्या वयाच्या माणसांना तलाव फुकट होता. बायको फुकट आत गेली, नवऱ्याला 75 पेन्स मोजावे लागले. जेम्स भांडत भांडत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले आणि 1990 मध्ये जिंकले. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व नव्हतं. पेन्शनच्या वयाला जोडलेली प्रत्येक सवलत पुरुषाला पाच वर्षं उशिरा मिळत होती. आणि हाच फरक बायकांवरही उलटत होता. हेलन मार्शल या आहारतज्ज्ञ साउथॅम्प्टनच्या आरोग्य सेवेत होत्या. त्यांना काम करत राहायचं होतं, पण बायकांनी साठीला निवृत्त व्हायचं या धोरणावर बोट ठेवून त्यांना बासष्टाव्या वर्षी घरी पाठवलं. पुरुष पासष्टपर्यंत राहू शकत होते. युरोपच्या न्यायालयाने 1986 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. लवकर पेन्शन ज्या हाताने मिळते त्याच हाताने लवकर नोकरीही काढून घेतली जाते, हे मार्शलबाईंच्या खटल्याने दाखवलं. मग 1990 च्या बार्बर खटल्यात कंपन्यांच्या पेन्शन योजनांतही वय सारखंच हवं असं त्याच न्यायालयाने सांगितलं, आणि सरकारी पेन्शनचा भेद फार काळ टिकणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं.

दोघांसाठी साठ, दोघांसाठी त्रेसष्ट, दोघांसाठी पासष्ट असे पर्याय 1991 मध्ये चर्चेला आले. सरकारने पासष्ट निवडलं, कारण ते सगळ्यांत स्वस्त होतं. 1995 च्या कायद्याने ठरलं की बायकांचं वय 2010 पासून हळूहळू चढत 2020 मध्ये पासष्टला पोचेल. जिला पहिला फटका बसणार होता तिला पंधरा वर्षांची मुदत होती. माझ्या मते हा कायदा न्याय्य होता. समतेचा पल्ला लांब ठेवला होता, पायऱ्या बारीक होत्या, आणि ज्या बायकांवर परिणाम होणार होता त्या तेव्हा फार तर पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. एवढ्या अवधीत माणूस चार पैसे बाजूला टाकू शकतो, नवऱ्याशी बोलू शकतो, नोकरी बदलू शकतो.

पण कळलं तर.

सरकारने पत्रकं छापली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, कार्यालयांत माहिती ठेवली. जिचं वय बदललं तिच्या दारात तिच्या नावाचं पत्र मात्र पडलं नाही. 2004 मध्ये पेन्शन खात्याचीच पाहणी बाहेर आली: ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्या बायकांपैकी फक्त 43 टक्क्यांना आपलं वय साठ राहिलेलं नाही हे ठाऊक होतं. कायदा होऊन नऊ वर्षं उलटली होती. खात्याच्या टेबलावर हा आकडा पडलेला असताना पत्रं निघायला एप्रिल 2009 उजाडला. खात्याने डिसेंबर 2006 पर्यंत पत्रं पाठवायला सुरुवात करायला हवी होती, मधले 28 महिने हा गैरकारभार होता, असं संसदीय लोकपालांनी 2021 मध्ये नोंदवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाकीट उघडणारी बाई काय करणार? तिने आधीच मालकाला राजीनाम्याची तारीख सांगितलेली असते, आजारी आईला स्वतःकडे आणलेलं असतं, साठीनंतर नातवाला सांभाळण्याचं मुलीला कबूल केलेलं असतं. पत्र उशिरा आलं की हिशेबाची वही कोरी करून पुन्हा भरता येत नाही.

त्याहून मोठा घाव 2011 चा. मे 2010 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने आपल्या करारात लिहिलं होतं की बायकांच्या बाबतीत सहासष्टकडे जाणारी वाढ 2020 च्या आधी सुरू होणार नाही. त्यानंतर दीड वर्षाच्या आत पार्लमेंटने कायदा केला: पासष्टचा टप्पा 2020 ऐवजी नोव्हेंबर 2018 मध्येच गाठायचा आणि ऑक्टोबर 2020 पर्यंत सहासष्ट करून टाकायचं. मूळ मसुद्यात काही बायकांची पेन्शन दोन वर्षांनी लांबत होती. ओरड झाल्यावर ती मर्यादा अठरा महिन्यांवर आणली. सुरुवातीला सांगितलेली 1 एप्रिल 1954 ची बाई याच टोकाला सापडली. 1995 च्या कायद्याने तिला 6 मार्च 2018 ला पेन्शन मिळणार होती, 2011 च्या कायद्याने ती अठरा महिने पुढे गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये कायद्यावर शिक्का पडला तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. पंधरा वर्षांच्या मुदतीचं 1995 चं सौजन्य इथे उरलंच नाही. लोक जास्त जगतात, तिजोरीत पैसा नाही, ही कारणं खोटी नव्हती. पण एका विशिष्ट वयाच्या बायकांवर दोन कायद्यांचं ओझं लागोपाठ टाकायचं आणि त्याला समता म्हणायचं, हे मला मान्य नाही. त्यात समतेचा वाटा थोडा होता, बचतीचा मोठा. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या लंडनच्या अभ्याससंस्थेने 2017 मध्ये दाखवलं की साठीवरून त्रेसष्टकडे जाण्याने सरकारचे वर्षाला पाच अब्ज पौंडांहून जास्त वाचले, आणि त्याच वेळी साठ ते बासष्ट वयाच्या बायकांमधलं गरिबीचं प्रमाण सहाहून जास्त टक्के-अंकांनी वाढलं.

आता त्यांच्या आयुष्याकडे. 1950 च्या दशकात जन्मलेल्या मुली कामाला लागल्या तेव्हा एकाच कामाला बाईला कमी पगार देणं कायद्याने चालत होतं. 1970 चा समान वेतनाचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला 1975 च्या डिसेंबरात. लग्न झालेल्या बाईला नॅशनल इन्शुरन्सची कमी वर्गणी भरण्याची मुभा 1977 पर्यंत होती. मालकाच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवायचा, नवविवाहितेने सही करायची, हाती दोन पैसे जास्त यायचे, आणि त्या सहीबरोबर तिचा स्वतःचा पेन्शनचा हक्क जायचा. पुढे जे मिळेल ते नवऱ्याच्या खात्यावर. मुलांसाठी घरी राहिलेल्या वर्षांची पेन्शनच्या हिशेबात दखल घेणं 1978 पासून सुरू झालं. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर अर्धवेळ काम धरलेल्या बायकांना कित्येक कंपन्यांच्या पेन्शन योजनांत दारच बंद होतं. ते उघडायला नव्वदच्या दशकापर्यंत खटले चालले. म्हणजे या पिढीच्या बाईला पगार सारखा नव्हता, बढती सारखी नव्हती, कंपनीची पेन्शन सारखी नव्हती, घरच्या म्हाताऱ्यांची उस्तवार तर नव्हतीच नव्हती. एक गोष्ट तिच्या बाजूने झुकलेली होती, साठीची पेन्शन. समता आली ती आधी तिथे आली.

या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. समतेची सुरुवात कुठून करायची? विशीतल्या पगारापासून, तिशीतल्या पाळणाघरापासून, की साठीतल्या पेन्शनपासून? शेवटच्या पायरीवर सारखेपणा आणणं सरकारला सोपं जातं, कारण तिथे आकडा एकच बदलायचा असतो. त्याआधीच्या चाळीस वर्षांतली विषमता दुरुस्त करायला मालक, नवरे, शाळा, इस्पितळं सगळ्यांना हलवावं लागतं.

2015 मध्ये ‘विमेन अगेन्स्ट स्टेट पेन्शन इनइक्वॅलिटी’ ही संघटना उभी राहिली. वास्पी या नावाने तिला सगळे ओळखतात. जांभळे पट्टे घालून पार्लमेंटबाहेर उभ्या राहिलेल्या तिच्या कार्यकर्त्या ब्रिटिश टीव्हीवर नेहमीच्या झाल्या. वास्पीची मागणी नीट समजून घ्यावी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. वय पुन्हा साठ करा असं ती म्हणत नाही. वय सारखं करणं तिला मान्य आहे. ज्या पद्धतीने ते झालं त्याची भरपाई तिला हवी. ‘बॅक टू 60’ हा गट वेगळा, त्याला साठीपासूनची सगळी पेन्शन परत हवी होती. तो न्यायालयात गेला आणि हरला: 2019 मध्ये हायकोर्टात, 2020 मध्ये अपील कोर्टात, पुढे सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. बायकांच्या कहाण्या ऐकून वाईट वाटलं असं हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी नोंदवलं. तरी पुरुषांवरचा जुना भेदभाव दूर करणारा कायदा बायकांवरचा भेदभाव ठरत नाही, आणि असे निर्णय पार्लमेंटने घ्यायचे असतात, ही त्यांची भूमिका. कायद्याच्या अंगाने ती मला बरोबर वाटते. म्हणूनच हा प्रश्न न्यायालयात सुटण्यासारखा नव्हता. तो राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा होता.

लोकपालांनी मार्च 2024 मध्ये त्या जबाबदारीला आकडा दिला: प्रत्येकीला 1,000 ते 2,950 पौंड. खर्च साडेतीन ते साडेदहा अब्ज पौंड. हरवलेल्या पेन्शनची ही किंमत नव्हे. 28 महिन्यांच्या उशिराने ज्यांच्या हातून निर्णय घेण्याची संधी गेली त्यांच्यासाठीची ही रक्कम. डिसेंबर 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने उशिराबद्दल माफी मागितली आणि भरपाई नाकारली. बहुतेक बायकांना बदल माहीत होता, पत्रांनी फारसा फरक पडला नसता, आणि सरसकट पैसे देणं करदात्यांवर अन्याय ठरेल, ही कारणं दिली. विरोधात असताना याच पक्षाचे पुढारी वास्पीच्या फलकांशेजारी उभे राहिले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये 2007 सालचा एक कागद नव्याने पुढे आला तेव्हा निर्णय पुन्हा तपासू असं सरकारने जाहीर केलं.

भरपाईच्या विरोधकांची बाजू दुबळी नाही, आणि वाचकाने ती मन लावून ऐकावी. बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. लवकर सुरू होऊन उशिरा संपणारी पेन्शन त्यांना दुहेरी फायद्याची होती. आजचा तिशीतला कामगार स्वतः अडुसष्टला पेन्शन घेईल, घर विकत घेणं त्याला जमत नाही. त्याच्या करातून सुस्थितीतल्या निवृत्त बाईलाही पैसे का द्यावेत? या प्रश्नाला माझं उत्तर असं: सरसकट देऊ नयेत. 2011 च्या कायद्याने ज्यांची तारीख वर्षाहून जास्त लांबली, आणि ज्यांची मिळकत तुटपुंजी आहे, त्यांना आधी द्यावेत. सर्वांना देणं महाग पडतं म्हणून कोणालाच न देणं, हा न्याय नव्हे. आणि जास्त जगण्याचा मुद्दा सांगताना निरोगी वर्षं कुठे, कोणाला मिळतात हेही सांगावं. इंग्लंडच्या श्रीमंत आणि गरीब भागांत निरोगी आयुष्यातलं अंतर जवळपास दोन दशकांचं आहे. ब्लॅकपूलमध्ये म्हाताऱ्यांना उचलून अंघोळ घालणाऱ्या बाईचे गुडघे आणि सरेच्या बंगल्यात राहणाऱ्या वकीलबाईंचे गुडघे एकाच वर्षी सहासष्टचे होतात, पण एकाच अवस्थेत होत नाहीत.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडला गेलेल्या मराठी बायका याच तक्त्यात आहेत. कोणी नर्स, कोणी टपालखात्यात, कोणी नवऱ्याच्या दवाखान्यात बिनपगारी. तिथे उशिरा पोचल्यामुळे वर्गणीची वर्षं आधीच कमी. 2016 नंतरच्या नियमांत पूर्ण पेन्शनला 35 वर्षं लागतात आणि दहाच्या खाली काहीच मिळत नाही. त्यातल्या काही म्हातारपणी पुण्याला किंवा ठाण्याला परतल्या, तर त्यांच्यावर आणखी एक नियम लागू होतो: भारतात राहणाऱ्या पेन्शनरची ब्रिटिश पेन्शन दरवर्षी वाढत नाही, पहिल्या दिवशी होती तिथेच गोठते. अमेरिकेत राहायला गेलेल्याची वाढते, भारतात परतलेल्याची नाही. या बायकांसाठी वर्गणी भरताना ब्रिटन एक होतं, पेन्शन घेताना दुसरं.

इतर देशांनी हाच घाट वेगवेगळ्या वाटांनी चढला आहे. स्वित्झर्लंडने बायकांचं वय 64 वरून 65 करण्याचा प्रश्न सप्टेंबर 2022 मध्ये थेट जनतेपुढे ठेवला, बाजूने 50.5 टक्के मतं पडली, आणि मतदानोत्तर पाहण्यांत बहुसंख्य बायकांचा कौल विरुद्ध दिसला. पोलंडने 2012 मध्ये दोघांसाठी 67 ठरवलं आणि 2017 मध्ये मागे फिरून बायकांना 60, पुरुषांना 65 केलं. लहरीपणाने मागे-पुढे करणंही बायकांच्या कामाचं नाही. त्यांना कमी वय मिळतं, सोबत कमी पेन्शनही मिळते.

ब्रिटनमध्ये पुढची चढण सुरू होते आहे. 2026 ते 2028 या काळात स्त्री-पुरुष दोघांचं वय 66 वरून 67 होईल. 6 एप्रिल 1960 पासून पुढे जन्मलेल्यांना महिन्या-महिन्याने उशीर होईल, आणि 6 मार्च 1961 पासून पुढे पूर्ण सदुसष्ट. तक्ता पुन्हा तोच, या वेळी दोघांसाठी एक. या खेपेला 2014 च्या कायद्याने मुदत दहा वर्षांहून जास्त दिली आहे. अडुसष्टकडे कधी जायचं याचा फेरविचार चालू आहे, आणि तिथे बोलायची वेळ आली तर वास्पीच्या बायका पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतील: पत्र कोणत्या महिन्यात निघणार?